दूरचित्रवाणीवरील महाकाव्ये : गाळलेल्या पुराव्याचा प्रश्न

एखादे महाकाव्य दूरचित्रवाणीवर आले की आपल्याकडे दोनच आवाज उठतात. पहिला आवाज म्हणतो, आमच्या देवाधर्माचे विडंबन झाले. दुसरा आवाज आपल्या चळवळीतला आहे. तो म्हणतो, ही सगळी वर्णवर्चस्वाची भाकडकथा आहे, तिच्याकडे पाहण्याचेही कारण नाही. पहिल्या आवाजाचे हितसंबंध उघड आहेत, त्यांच्यावर शाई खर्च करण्याची गरज नाही. दुसरा आवाज प्रामाणिक आहे, पण अपुरा आहे. आपण पाहिले नाही म्हणून मालिका थांबत नाही. मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावी वर्गात बसलेल्या कितीतरी मुलांना एकलव्य आणि कर्ण आधी पडद्यावर भेटतात आणि पुस्तकात मागाहून भेटतात. त्या मुलापुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला नुसता बहिष्कार पुरत नाही. त्याला समीक्षा लागते.

म्हणून येथे तिसरा प्रश्न मांडावयाचा आहे. मूळ काव्यात जे आहे त्यातले पडद्यावर काय आले नाही? आणि जे आले नाही, त्यामुळे कोणाचा बचाव झाला?

माझे म्हणणे थोडक्यात असे. जगातली जुनी महाकाव्ये ही वर्चस्वाची काव्ये आहेत, यात शंका नाही. परंतु त्या काव्यांनी आपल्या नायकांची कृत्ये लपविली नाहीत. ज्याला मारले त्याला मारले असे सांगितले, का मारले तेही सांगितले. कवीला त्या कृत्याची लाज वाटत नव्हती, म्हणून त्याने ते गाऊन ठेवले. आजच्या निर्मात्याला त्याची लाज वाटते, म्हणून तो ते गाळतो. लाज वाटणे ही प्रगती आहे, हे मान्य केले पाहिजे. पण लाजेपोटी पुरावा नष्ट करणे ही प्रगती नव्हे. ज्याच्या विरुद्ध खटला आहे त्याला त्याने सोडविले जाते, आणि ज्याचा बळी गेला त्याचे नावही उरत नाही.

१

सुरुवात ग्रीसपासून करू. आपल्या ग्रंथांविषयी आपण बोललो की 'तुमची दृष्टी पूर्वग्रहाची आहे' असे सांगितले जाते. होमर आपल्या कोणाचाच देव नाही, त्यामुळे तेथे तरी भावना दुखावण्याचे कारण नसावे.

'इलियड'च्या दुसऱ्या सर्गात थर्सिटीस नावाचा एक माणूस येतो. ट्रॉयच्या वेढ्याला नऊ वर्षे झालेली आहेत, सैन्य थकलेले आहे. होमर प्रत्येक वीराची ओळख बापाच्या नावाने करून देतो. थर्सिटीसला बाप दिलेला नाही, गाव दिलेले नाही. दिले आहे ते फक्त शरीर : वाकडे पाय, एका पायाने लंगडा, खांदे पुढे आलेले, डोके निमुळते, त्यावर विरळ केस. ट्रॉयला आलेल्यांत तो सर्वांत कुरूप, असे कवी सांगतो. हा माणूस सभेत उठून राजा अगामेम्नॉनला विचारतो की तुझ्या तंबूत ब्राँझ आहे, आम्ही जिंकून आणलेल्या स्त्रिया आहेत, आता तुला आणखी काय हवे? चला, आपण घरी जाऊ, याला येथेच आपली लूट पचवू द्या. यावर ओडिसियस उठतो, त्याला दम देतो आणि हातातल्या राजदंडाने त्याच्या पाठीवर हाणतो. पाठीवर रक्ताळलेला वळ उठतो. थर्सिटीस खाली बसतो, डोळे पुसतो. आणि सारे सैन्य हसते.

आता एक सर्ग मागे जा. पहिल्या सर्गात अकिलीस त्याच अगामेम्नॉनला तीच गोष्ट सांगतो. लढतो मी आणि मोठा वाटा नेतोस तू, मी घरी निघालो. त्याला कोणी दंडा मारीत नाही. देवी अथेना स्वतः येऊन त्याची समजूत घालते, म्हातारा नेस्टर मध्यस्थी करतो, आणि त्याच्या रुसव्यावर पुढचे सारे काव्य उभे राहते. एकाच तक्रारीला दोन न्याय. कुलवंताने केली तर तो क्रोध, आणि तो काव्याचा विषय. बिनबापाच्याने केली तर ती वटवट, आणि तिला दंडा. मराठवाड्यातल्या गावसभेत गायरानाचा प्रश्न कोणी विचारला यावर त्याचे उत्तर ठरते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना होमर समजावून सांगावा लागत नाही.

२

दुसरा पुरावा 'ओडिसी'तला आहे आणि तो अधिक भयंकर आहे. वीस वर्षांनी घरी परतलेला ओडिसियस बाविसाव्या सर्गात आपल्या बायकोच्या मागे लागलेल्या सगळ्या उमरावांना दिवाणखान्यात ठार करतो. मग म्हातारी दाई युरिक्लिया त्याला सांगते की घरातल्या पन्नास दासींपैकी बाराजणी त्या उमरावांशी राहिल्या. गुलाम बाईला 'नाही' म्हणण्याचा अधिकार होता काय, हा प्रश्न काव्यात कोणी विचारीत नाही. त्या बाराजणींना बोलावले जाते. आधी त्यांच्याकडून प्रेते बाहेर काढून घेतली जातात. त्यांच्याकडूनच ओल्या स्पंजांनी टेबले-खुर्च्यांवरचे रक्त पुसून घेतले जाते, खरवडलेली घाण बाहेर टाकून घेतली जाते. सगळी सफाई झाल्यावर राजपुत्र टेलेमॅकस जहाजाचा दोर ताणून बांधतो आणि त्यांना ओळीने फासावर लटकवतो. जाळ्यात सापडलेल्या पाखरांसारखे त्यांचे पाय थोडे हलले, फार वेळ नाही, असे कवी नोंदवतो.

सफाई आधी आणि फाशी नंतर हा क्रम विसरू नये. ज्यांना मारायचे आहे त्यांच्याच हातून घर स्वच्छ करून घ्यायचे, ही रीत जगात फक्त आपल्याच देशात जन्मली असे नाही.

या बायकांना भाषांतरांतही न्याय मिळालेला नाही. एमिली विल्सन या विदुषीने 'ओडिसी'चे इंग्रजी भाषांतर २०१७ साली प्रसिद्ध केले तेव्हा तिने दाखवून दिले की जेथे मूळ ग्रीकमध्ये 'त्या' एवढेच आहे, तेथे आधीच्या नामवंत भाषांतरकारांनी वेश्येला द्यावयाच्या शिव्या घातल्या. तिने त्यांना सरळ गुलाम म्हटले. मार्गारेट अॅटवुडने २००५ साली 'पेनेलोपियाड' लिहून या बाराजणींना तोंड दिले. म्हणजे पुरावा ग्रंथात होता म्हणून अडीच हजारांहून अधिक वर्षांनी कोणीतरी खटला पुन्हा उभा करू शकले.

दूरचित्रवाणीने काय केले? इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीने १९६८ साली फ्रँको रॉसीच्या दिग्दर्शनाखाली 'ओडिसी' आठ भागांत दाखविली. नायक बेकिम फेहमिउ हा युगोस्लाव्हियातला अल्बेनियन नट, पेनेलोपी म्हणजे आयरीन पापास. ती मालिका होमरच्या रचनेला बरीच धरून होती. पुढे १९९७ साली अमेरिकेत आंद्रेई कोंचालोव्हस्कीने दोन भागांत हीच कथा आणली. तिच्यात शेवटचा रक्तपात आहे, परंतु बारा दासींचा दोर नाही. नायक घरी पोचतो, बायकोला भेटतो, प्रेक्षक सुखाने उठतो.

आणखी एक बदल आहे, तो सहसा लक्षात येत नाही. होमरमध्ये एकडोळ्या राक्षसाची, जादूगारणीची, मृतांच्या लोकाची कथा कवी सांगत नाही. ती ओडिसियस स्वतः, परक्या राजाच्या दरबारात, जेवणानंतर, चार सर्गभर सांगतो. म्हणजे ती एका पक्षकाराची साक्ष आहे. 'ते लोक शेती करीत नाहीत, त्यांना कायदा नाही, सभा नाही' हे वर्णन त्या मेंढपाळाच्या गुहेत न विचारता शिरलेल्या आणि नंतर त्याचा डोळा फोडून आलेल्या माणसाचे आहे. अमेरिकन मालिकेने कथा पहिल्यापासून सरळ क्रमाने लावली. त्याबरोबर नायकाची बढाई कॅमेऱ्याची वस्तुस्थिती झाली. आता राक्षस हा राक्षसच, कारण आपण तो डोळ्यांनी पाहिला! आपल्या दक्षिणेतल्या आणि अरण्यातल्या लोकांना राक्षस कोणी ठरविले, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी या युक्तीकडे नीट पाहावे.

३

आता आपल्या घरी येऊ. महाभारताच्या आदिपर्वात लाक्षागृहाची कथा आहे. पांडव भुयारातून निसटले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या रात्री जेवायला आलेली एक निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे त्या घरात झोपलेले होते, ते जळून मेले, आणि ती सहा प्रेते कुंती आणि पांडवांची म्हणून ओळखली गेली, हे किती जणांना ठाऊक आहे? महाश्वेता देवींनी कुंती आणि निषादी यांना समोरासमोर आणणारी कथा लिहिली ती याच दुव्यावर. त्याच महाभारतात द्रोणपर्वात घटोत्कच मेल्यावर कृष्ण आनंद व्यक्त करतो, आणि अर्जुनाला सांगतो की एकलव्यालाही मी तुझ्याचसाठी मारले. म्हणजे अंगठ्यावर प्रकरण मिटले नव्हते. अंगठा हा पहिला हप्ता होता.

आणि शंबूक. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात ब्राह्मणाचा मुलगा मरतो, नारद कारण सांगतो की राज्यात कोणी शूद्र तप करीत आहे. राम विमानात बसून शोधायला निघतो. सरोवराच्या काठी उलटा टांगून घेऊन तप करणाऱ्या माणसाला तो विचारतो, तू कोणत्या वर्णाचा? तो खरे सांगतो. खरे सांगितल्याबरोबर त्याचे मस्तक उडविले जाते. वरून देव फुले टाकतात, आणि तिकडे मुलगा जिवंत होतो.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये शंबुकाचा दाखला घेतला तेव्हा त्यांनी रामाला नुसता दोष दिला नाही, हे आपल्या तरुणांनी लक्षपूर्वक वाचले पाहिजे. त्यांचा युक्तिवाद असा की राज्य चातुर्वर्ण्यावर उभे असेल तर वर्ण मोडणाऱ्याला दंड देणे राजाला भागच आहे. केवळ गुणकर्मावर चातुर्वर्ण्य चालेल असे म्हणणाऱ्यांना त्यांनी ही कथा साक्षीदार म्हणून दाखविली. दंडाशिवाय वर्णव्यवस्था टिकत नाही, याचा तो कागदोपत्री पुरावा आहे. अरुण कांबळे यांनी 'रामायणातील संस्कृतिसंघर्ष'मध्ये या ग्रंथाकडे संघर्षाची नोंद म्हणून पाहिले. आपली परंपरा अशी आहे. तिने ग्रंथ फेकण्याबरोबरच ग्रंथ उघडला, पान काढले आणि बोट ठेवून विचारले.

गाळण्याची रीत दूरचित्रवाणीने शोधली असे मात्र नाही. भवभूतीने आठव्या शतकात 'उत्तररामचरित' लिहिले तेव्हाच त्याला हा वध जड गेला होता. त्याचा राम आपल्याच हाताला दोष देत शस्त्र चालवतो, आणि मेलेला शंबूक दिव्य रूप घेऊन कृतज्ञता व्यक्त करतो! ही युक्ती आपल्या ओळखीची आहे. मारलेल्याकडूनच आभार वदवून घ्यायचे. तरीही भवभूतीने शंबूक ठेवला. रामानंद सागरांच्या उत्तर रामायणात तो राहिला नाही. आणि सीतेचा त्याग तेथे रामाच्या आज्ञेपेक्षा सीतेच्या स्वतःच्या निर्णयासारखा दाखविला गेला. दोन्ही ठिकाणी दोषमुक्त झाला तो एकच माणूस.

४

असे का होते? निर्माते कपटी आहेत म्हणून, एवढे उत्तर पुरेसे नाही. माध्यमाचा स्वभाव पाहिला पाहिजे.

काव्यात शंबूक काही श्लोकांत येतो आणि जातो. ऐकणाऱ्याला त्याचा चेहरा दिसत नाही. पडद्यावर मात्र कोणातरी नटाला शंबूक व्हावे लागते. त्याला डोळे असतात, आवाज असतो, 'मी शूद्र आहे' हे वाक्य त्याला घराघरात म्हणावे लागते. आणि मग त्याच पडद्यावर नायकाचा हात उठतो. हे पाहिल्यावर पुढच्या रविवारी नायक त्याच प्रभेने परत येऊ शकत नाही. काव्याला जे परवडते ते कॅमेऱ्याला परवडत नाही. जाहिरातदार, कुटुंबासह बसलेला प्रेक्षक, हार घातलेला संच, या सगळ्यांना पूज्य चेहरा हवा असतो. म्हणून निर्माता बळीचा चेहरा दाखवीत नाही. गाळणे ही एका अर्थाने कबुली आहे. हे दाखविले तर नायक टिकणार नाही, हे त्यालाही कळलेले असते.

दुसरे कारण निवेदकाचे आहे. महाभारत हे प्रश्नोत्तरांत सांगितलेले काव्य आहे. वैशंपायन सांगतो आणि जनमेजय मधूनमधून विचारतो, असे का झाले, माझ्या पूर्वजांनी असे का केले? बी. आर. चोप्रांच्या 'महाभारता'त (१९८८ ते १९९०) राही मासूम रझा यांच्या लेखणीने निवेदनाचे काम 'समय' म्हणजे काळाकडे दिले. कल्पना प्रभावी होती, आवाज घुमणारा होता. एका मुसलमान लेखकाने ती संहिता लिहिली ही गोष्टही आज आठवणीत ठेवण्यासारखी आहे. पण वैशंपायनाला प्रश्न विचारता येतो, काळाला कोण विचारणार? काळ बोलला की निकाल लागला. सांगणारा माणूस गेला आणि त्याबरोबर ऐकणाऱ्याचा प्रश्नही गेला.

तिसरे कारण, एकच सांगणारा. १९८७ साली आपल्या भागात दूरदर्शनशिवाय दुसरी वाहिनी नव्हती. अनेक गावांत संच ज्याच्या वाड्यात, त्याच्याच अंगणात कथा. कोण आत बसणार, कोण उंबऱ्याबाहेर उभे राहणार, हे महाकाव्याच्या आधी गावाने ठरविलेले असे. रामायण पाहण्याचीही वर्णव्यवस्था होती.

याच्या उलट मौखिक परंपरा पाहा. मिल्मन पॅरी हा अमेरिकन अभ्यासक १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात हिंडला. लिहिता-वाचता न येणारे गायक हजारो ओळींची वीरकाव्ये दर वेळी नव्याने रचून गातात, हे त्याने ध्वनिमुद्रित केले. अव्दो मेदेदोविच या निरक्षर शेतकऱ्याने १९३५ साली बारा हजारांहून अधिक ओळींचे काव्य गाऊन लिहवून दिले. होमरचे काव्य असेच घडले असावे, हे त्यातून पुढे आले. आपल्याकडे ही गोष्ट सिद्ध करण्यासाठी कोणाला परदेशी जावे लागत नाही. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह केला. त्यात सीतेच्या वनवासाबद्दल रामाला धारेवर धरणाऱ्या बाया आहेत, आणि माजलगावच्या भीमनगरात त्याच जात्यावर बाबासाहेबांना गाणाऱ्या बायाही आहेत. मातंग समाजाला आपली उत्पत्ती सांगणारे जांबपुराण डक्कलवार सांगत आले, आमच्या सीमेपलीकडे तेलंगणातही त्याची परंपरा आहे. त्या पुराणात कोण आधी जन्मला आणि कोण कोणाचा पूर्वज, याचा हिशेब ब्राह्मणी पुराणांच्या उलटा आहे. त्यावर रविवार सकाळची मालिका निघाली नाही. ज्यांच्याकडे महाकाव्य होते त्यांच्याकडे प्रायोजक नव्हता, एवढाच याचा अर्थ.

५

१९८८ या एका वर्षात या प्रश्नाची दोन टोके आपल्या समोर आली.

दूरदर्शनवर 'रामायण' सुरू असतानाच महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखनाच्या चौथ्या खंडावरून, 'रिडल्स'वरून, वादळ उठले. राम आणि कृष्ण यांच्याविषयीचे परिशिष्ट काढून टाका अशी मागणी झाली, जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीला ग्रंथाची होळी झाली. ५ फेब्रुवारीला मुंबईत दलित जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी परिशिष्ट राहिले, पण शासन या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशा अर्थाची टीप त्याला लागली. दूरदर्शन केंद्राचे आणि ग्रंथ राज्याचा, हा फरक मान्य करू. तरी सरकारी पडद्यावरच्या कथेला अशी टीप लागली नाही, हे नोंदविलेच पाहिजे. कथेला परवानगी, प्रश्नाला टीप.

दुसरे टोक पंजाबातले. ३१ जुलै १९८८ रोजी मालिका राज्याभिषेकाशी संपली. तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला आणि तो उत्तर भारतातल्या इतर शहरांत पसरला. हे कामगार वाल्मीकी समाजाचे. त्यांची मागणी होती की उत्तरकांड दाखवा, कारण त्यात आमचे गुरू वाल्मीकी स्वतः येतात, सीतेला आसरा देतात, लव-कुशांना शिकवितात. शहरांत कचऱ्याचे ढीग साचले आणि सरकारला नमावे लागले. मालिका पुढे निघाली.

या संपाची टिंगल पुष्कळ झाली. ती टिंगल आपण करू नये. ज्यांच्या हातचे पाणी कोणी घेत नव्हते त्यांनी देशाचा रविवार बदलून दाखविला. कवी आमचा आहे, त्याला पडद्यावर आणा, ही मागणी स्वाभिमानाची होती. परंतु समीक्षेने पुढचेही सांगितले पाहिजे. ज्या कांडासाठी झाडू खाली ठेवला गेला, त्याच कांडात शंबुकाचा वध आहे. वाल्मीकी पडद्यावर आले आणि शंबूक दाराबाहेर राहिला. प्रतिनिधित्व मिळाले, पुरावा गेला. प्रस्थापितांनी केलेला हा सौदा आपल्याला नवा नाही. तुमचा एक माणूस व्यासपीठावर घेतो, तुमचा प्रश्न मात्र घेत नाही, हे आपण राजकारणात किती वेळा पाहिले!

त्यानंतर बत्तीस वर्षांनी, २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत दूरदर्शनने तीच चित्रफीत पुन्हा लावली. मौखिक गायकाने बत्तीस वर्षांत कथा कितीदा बदलली असती, ऐकणाऱ्यांनी कितीदा अडविले असते! येथे एक दृश्यही हलले नाही. लोक घरात बसून वनवास पाहत होते, आणि ज्यांना घर नव्हते ते रस्त्याने चालत होते. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून मध्य प्रदेशाकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत मुदखेडवरून सिकंदराबादला जाणारा हाच तो लोहमार्ग. रुळांवर भाकऱ्या विखुरल्या होत्या. लाक्षागृहातली ती निषादी आणि तिची पाच मुले ज्यांना पडद्यावर कधी नीट दाखविली गेली नाहीत, त्यांना हे सोळाजणही बातमीपुरतेच दिसले, तर त्यात नवल कसले?

६

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. आपल्या माणसाचे डोके उडताना, अंगठा तुटताना दर आठवड्याला दाखवावे अशी मागणी आपण करायची काय? थर्सिटीसला दंडा बसल्यावर सैन्य हसले, तसा प्रेक्षकही हसला तर? मार खाणारा दलित हे चित्र लोकांच्या सवयीचे झाले तर?

धोका खरा आहे. पण त्याचे उत्तर दृश्य गाळण्यात नाही. कॅमेरा कोणाजवळ उभा आहे, यात आहे. दंडा मारणाऱ्याच्या खांद्यावरून पाहिले की थर्सिटीस विनोदी दिसतो. खाली बसून डोळे पुसणाऱ्याच्या शेजारून पाहिले की हसणारे सैन्य भयंकर दिसते, कारण त्या सैन्यातल्या प्रत्येकाला घरी जायचेच होते आणि तरी ते हसले. आपल्याच मनातले बोलणाऱ्याला मार बसला की हसणारी माणसे कशी तयार होतात, हे त्या एका प्रसंगातून शिकविता येते. अत्याचार पाहून गप्प राहिलेल्या गावांचे शास्त्र त्यात आहे.

आणि हा निकष आपल्यालाही लागू केला पाहिजे. २०१९ साली मराठी वाहिनीवर बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका सुरू झाली. तिचे नावच 'महामानवाची गौरवगाथा' असे होते. आपल्या वस्त्यांमधून ती भक्तिभावाने पाहिली गेली, आणि ज्या पडद्यावर आपला माणूस कधी आला नाही तेथे तो आलेला पाहून डोळे भरून येणे समजण्यासारखे आहे. तरी विचारावे लागेल. महाडला १९२७ साली तळ्याचे पाणी प्यायलेले आणि नंतर मार खाल्लेले हजारो लोक आपल्या गाथेत चेहरा घेऊन येतात की गर्दी म्हणून येतात? नामांतराच्या १९७८ च्या दंगलीत याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला मारला गेलेला पोचिराम कांबळे आपल्या महाकाव्यात कोठे बसेल? चळवळ हजारोंनी केली आणि गाथा एकाचीच झाली, तर आपणही होमरच्या रांगेत जाऊन बसलो. ज्याने व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला त्याचीच पूजा बांधली जाण्याचा धोका आहे, तो वेगळाच.

तेव्हा काम काय? शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक साधी पद्धत धरावी. मालिकेचा भाग आणि मूळ ग्रंथाचा तो भाग शेजारी शेजारी ठेवावेत. वहीत दोन रकाने करावेत : ग्रंथात आहे, पडद्यावर नाही. प्रत्येक नोंदीपुढे लिहावे की या गाळण्याने कोणाचा बचाव झाला. शंबूक, एकलव्य, निषादी, घटोत्कच यांच्यापासून सुरुवात करावी आणि होमरचे थर्सिटीस व बारा दासी त्यांच्या पंक्तीला घ्यावेत, म्हणजे ही गोष्ट केवळ आपल्या गावकुसाची नाही हे मुलांना कळेल. नाट्यगटांनी हे गाळलेले प्रसंग आधी करावेत, लांबलचक मालिकेची वाट पाहू नये. एका प्रसंगाला पंधरा मिनिटे आणि चार माणसे पुरतात. डक्कलवारांची, शाहिरांची, जात्यावरच्या बायांची कथने आज जी म्हातारी माणसे सांगू शकतात ती आजच मुद्रित करून ठेवावीत. भ्रमणध्वनी आता प्रत्येकाच्या खिशात आहे, पॅरीसारखी अवजड यंत्रे वाहून न्यावी लागत नाहीत.

पुढच्या वेळी कोणी महाकाव्य पडद्यावर आणील तेव्हा त्याच्या दारात आपण ही वही घेऊन उभे राहिले पाहिजे. त्याला धमकी द्यायची नाही, त्याचे चित्रण बंदही पाडायचे नाही. एवढेच विचारायचे की तुझ्याच कवीने लिहून ठेवलेली ही माणसे कोठे ठेवलीस?